मोनाची पॉलिसी (‘आपलं घर’ ग्रुप)

धनराज काका: मोनाची नागपूरची ॲडमिशन झाली तं तिचा विमा काढून टाकला बाप्पा. विद्यार्थ्यायसाठी स्पेशल हाय म्हणे. फोटो टाकले पाहा.

मंगेश: काका, दुसरं पान पाहा. हप्ता 24,000, मुदत 20 वर्षं. ही बचतीची पॉलिसी हाय. मेसचं खाऊन पोरगी ॲडमिट झाली तं यातून सलाईनचाबी पैसा भेटत नाही.

धनराज काका: पण थो एजंट तं म्हणे शिक्षण, लग्न, दवाखाना सगळं यातच येते.

मंगेश: तीनदा वाचली. दवाखाना कुठंच नाही.

सुमा आत्या: ठेवलेला कापूस विकून भरले काय रे 24 हजार?

धनराज काका: हाव.

मोना: मला कोणी विचारलंच नाही 😐

मंगेश: काका, मोनाच्या कमाईवर घर चालते काय? तुमच्यावर चालते. जीवन विमा पायजे तुमच्या नावानं, साधा टर्म, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यायले पैसे देणारा. मोनाले पायजे दवाखान्याचा न् अपघाताचा.

मोठेबाबा: दवाखान्याले महात्मा फुले योजना हाय ना. 5 लाख.

प्रिया वहिनी: आहे, पण यादीतल्याच दवाखान्यात आणि यादीतल्याच उपचारांना. आणि ती राशन कार्डावर मिळते, म्हणून मोना नागपूरला गेली तरी राशन कार्डातून तिचं नाव कमी करू नका. बाकीसाठी फॅमिली फ्लोटर घ्या, म्हणजे सगळ्या घराचा मिळून एकच दवाखान्याचा विमा. शिकणारी मुलं साधारण 25 वर्षांपर्यंत त्यात राहतात.

धनराज काका: मले शुगर हाय. एजंट म्हणे लिहू नका, हप्ता वाढते.

प्रिया वहिनी: लिहाच! लपवलं तर क्लेमच्या वेळी बोंब. लिहिलं तर जुन्या आजाराला थांबावं लागतं, तेही जास्तीत जास्त 3 वर्षं. अपघात मात्र पहिल्या दिवसापासून. आणि खोलीभाड्याची मर्यादा पाहून घ्या. मर्यादा 3,000 ची आणि खोली घेतली 6,000 ची, तर डॉक्टरच्या फीसारखा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. माझ्या भावाच्या वेळी डिस्चार्जच्या काउंटरवर कळलं आम्हाला.

मोठेबाबा: अन् थे 20 रुपयेवाली? माह्या खात्यातून दरसाल कटते.

मंगेश: प्रधानमंत्री सुरक्षा विमा. थे तं घ्याचीच. अपघाती मृत्यू नाहीतर कायमचं पूर्ण अपंगत्व, 2 लाख. साप चावून गेला तरी धरतात, दवाखान्याचा कागद पायजे. पण वय 18 पूर्ण लागते.

मोना: 12 डिसेंबरला होते.

मंगेश: मंग 13 ले बँकेत जाजो. अन् मे संपता संपता खात्यात पैसे ठेवजो, दरसालचे 20 रुपये तवाच कटतात. तुह्या खात्यात रिचार्जपुरतेच असतात.

मोना: 🙄 बरं दादा. फीच्या पावतीवर ‘विद्यार्थी विमा’ लिहिलंय, ते काय?

मंगेश: कॉलेजचा ग्रुप विमा असन. ऑफिसातून पॉलिसीची प्रत माग, कशाचा हाय थे पाहू. काका, तुमची पॉलिसी हातात कधी आली?

धनराज काका: पोळ्याले. आज 12 दिवस झाले.

मंगेश: मंग वेळ हाय. हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. स्टॅम्प, मेडिकल न् तेवढ्या दिवसांच्या कव्हरचे कापून बाकी पैसे वापस. अर्ज एजंटच्या हाती नका देऊ, कंपनीच्या शाखेत द्या अन् पोच घ्या.

धनराज काका: अन् त्याले काय सांगू? रोज सकाळी चहाले येते थो.

मोनाची आई: येऊ द्या ना. तुमच्यासारखाच बिनसाखरेचा देईन त्याले.