जुना डेस्कटॉप, हातात थोडेच पैसे: तुमचे अनुभव

ओसरी
काल माळा आवरताना बाबांची पत्र्याची पेटी निघाली. विम्याच्या पावत्यांखाली एक गुलाबी कार्बन कॉपी होती. "रॅम २ जीबी डीडीआर२, १ नग, १४५० रु." जून २०१३. तिथेच खाली बसले.

कॉम्प्युटर २००८चा, बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून असेंबल करून घेतलेला. कोअर टू ड्युओ, १ जीबी रॅम, एक्सपी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचं ड्रॉइंग उघडायला लावलं की आईचा चहा होऊन यायचा तरी पट्टी अर्ध्यावरच. गावातला दुकानदार म्हणाला, भंगारात द्या, बावीस हजारात नवा होईल. बाबांकडे होते अडीच हजार, तेही आईच्या भिशीचे.

एसटीने सांगलीला गेलो, रॅम आणली, तर ती बसेचना. डीडीआर३ दिली होती. पिना दोन्हींना २४०च, पण मधली खाच वेगळ्या जागी. मी अंगठ्याने दाबणार तेवढ्यात बाबांनी मनगट धरलं. "थांब पोरी, बोर्ड तडकेल." दुसऱ्या दिवशी बदलायला गेलो तर जुन्या जातीची रॅम नव्या जातीपेक्षा महाग निघाली, कारण ती बनायचीच कमी झाली होती. उरलेल्या पैशांत यूपीएसची बॅटरी घेतली, कारण तेव्हा भारनियमन होतं. प्रोजेक्ट त्याच मशीनवर पूर्ण झाला.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. पावती आता माझ्या पर्समध्ये आहे. तुम्हीही लिहा ना. कमी पैशांत जुनं मशीन कसं चालतं ठेवलंत, कोण मदतीला आलं, कुठे फसलात.

आठ बाराची लोकल
एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडीच.
२०२१, एच६१ चिपसेटचा जुना मदरबोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी. विंडोज १० सुरू व्हायला सव्वातीन मिनिटं, घड्याळ लावून मोजलेली. लॅमिंग्टन रोडवरून २४० जीबीची साटा (हार्डडिस्कच्याच केबलला लागणारी) एसएसडी आणली, सव्वादोन हजार. त्यानंतर २५ सेकंद. एच६१वर साटा ३ गिगाबिटचंच असतं, म्हणून डब्यावर छापलेला सेकंदाला ५०० एमबीचा वेग मिळत नाही, अडीचशेच्या आसपास अडकतो. पण खरा वेळ जायचा तो हार्डडिस्कचं हेड तबकडीवर इकडून तिकडे फिरण्यात. ते फिरणंच संपलं. जुनी डिस्क काढली नाही, फोटो-गाणी तिच्यावर.
दादर आलं, बाकी नंतर.

तिखटमीठ
ओसरी, मनगट धरलं ते वाचून गलबलून आलं. कुकर लावलाय, येते.

मु. पो. अंबाजोगाई
आमचं घर खळ्याला लागून. ज्वारीची मळणी चालू झाली की कॅबिनेटात भुसा. २०१५ला बटन दाबलं की नुसता लांब बीप, थांबून परत बीप. स्क्रीन काळी. पुण्याच्या मावसभावाला फोन लावला, तो म्हणला रॅम काढ, सोनेरी पट्टी खोडरबरानं पूस, टकटक आवाज येईस्तोवर बसव. खोडरबर बहिणीच्या कंपासातला. चालू झाला!
मग हुरूप आला. हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा भाग) काढली तर खाली नमदा बसल्यागत धूळ. सायकलच्या पंपानं उडवली, पंखा बोटानं धरून ठेवला (फिरू द्यायचा नाही, बेअरिंग जातं). थर्मल पेस्टची पुडी ६० रुपये. मध्येच आपोआप बंद पडायचा ते थांबलं. लई साधं काम आहे, पण पहिल्यांदा हात थरथरतात.

निवडुंग
२०२०, दोन मुलं, एक पीसी, एक फोन. मोठीची दहावी. वेबकॅम कुठे मिळेना आणि मिळाला तर तिप्पट भाव. शेवटी नवऱ्याचा फुटक्या काचेचा फोन यूएसबीने जोडून त्याचाच कॅमेरा केला, तांदळाच्या डब्याला टेकवून. ४ जीबी वापरलेली डीडीआर३ शेजारच्या दादाने सहाशेला दिली, पैसे पगार झाल्यावर घेतले. तेव्हा त्याचाही अर्धाच पगार येत होता. हे मी त्याला कधी नीट बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

गच्चीवरची
अनुभव नाही, प्रश्न आहे, चालेल ना? सासऱ्यांचा पीसी चालू केला की दरवेळी १ जानेवारी २००९. आणि बँकेची साइट उघडत नाही, 'सुरक्षित नाही' म्हणते. ते रोज हाताने तारीख बदलतात. दुकानवाला फॉरमॅट करू म्हणतोय, पाचशे रुपये.

वारणाकाठ
@गच्चीवरची फॉरमॅट अजिबात नको!! बोर्डावर घड्याळात असतो तसा गोल सेल असतो, सीआर२०३२. तो संपलाय. तीस-चाळीस रुपये. तारीख चुकली की साइटच्या सर्टिफिकेटची मुदत जुळत नाही म्हणून ब्राउझर अडवतो. वायर काढून सेल बदला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्राम) तारीख-वेळ लावा, झालं.

माझा अनुभव फसल्याचा. बोर्ड दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरचा होता. सॉकेट तेच, ११५५, म्हणून तिसऱ्या पिढीचा वापरलेला आय५-३४७० घेतला १८०० ला. स्क्रीनवर काहीच नाही. दुकानदार म्हणाला तुमचा बोर्ड मेला, नवा घ्या, आणि प्रोसेसर परत घेईना. पैसे होते कुठे? दोन रात्री शोधत बसलो तेव्हा कळलं, बोर्डाचं बायोस जुनं आहे, त्याला तिसरी पिढी ओळखूच येत नाही. जुना प्रोसेसर परत बसवला, पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट केलं (लाइट जाऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवले होते), मग आय५ चालला. आजही चालतोय. जुना प्रोसेसर आधीच विकून टाकला असता तर अडकलो असतो.

डीटीपीवाली
माझं पोट त्या मशीनवर होतं म्हणून जरा लांबण लावते.
लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, श्रद्धांजलीचे बोर्ड, सगळं पेजमेकर नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरात. पेजमेकरला युनिकोड (सगळ्या भाषांची आजची सामायिक अक्षर-पद्धत) कळत नाही, त्यामुळे जुने मराठी फाँट आणि त्यांचं लॉक (जे लावल्याशिवाय फाँट चालत नाहीत असं छोटं यंत्र), जे कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जाड पोर्टला लागायचं. २०१६च्या लग्नसराईत बोर्डावरचे कपॅसिटर फुगले, वरचं झाकण अक्षरशः फुगीर. नवा बोर्ड घ्यावा तर त्याला तो पोर्टच नाही! पीसीआयचं पोर्ट कार्ड लावलं, लॉक ओळखेना. सोळा पत्रिका अडकलेल्या, लोकांनी मुहूर्त काढलेले. चार दिवसांनी एका सायबर कॅफेवाल्याने बंद केलेल्या कॅफेतला बोर्ड दिला, मागे तो पोर्ट होता. प्रोसेसर-रॅमसकट अडीच हजार. रात्रभर बसून सोळाच्या सोळा काढल्या. आता सगळं काम युनिकोडात आणते आहे, जुन्या फाइली एकेक करून बदलते. त्या नुसत्या फाइली नाहीत, अर्ध्या तालुक्याची लग्नं आहेत.

तिखटमीठ
आले. @डीटीपीवाली, "माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" हे तुम्हीच छापायचात ना? आमच्या धाकट्याच्या नावाने होतं. तो काका आता आजोबा व्हायला आला.

डीटीपीवाली
हो हो, त्या ओळीचं माप वेगळंच ठेवलेलं असायचं, तिरकी, गुलाबी रंगात. मुलांची नावं चुकली की आत्या भांडायला यायच्या.

म्हापसेकर
गोव्यात धूळ कमी, पण पावसाळ्यात दमट हवा. दोन महिने बंद ठेवलेला पीसी गणपतीला उघडला तर रॅमच्या पट्टीवर काळपट थर आणि स्क्रूंना गंज. आता जून ते सप्टेंबर रोज अर्धा तास चालू ठेवतो, आतला उबारा पुरतो. प्लास्टिकचं कव्हर घालत नाही, ओल आत कोंडते. खर्च शून्य.

पेठेतला
एसएमपीएसबद्दल, म्हणजे कॅबिनेटातल्या वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, कोणीच बोललं नाही? तपकीर गल्लीतून सर्वांत स्वस्त घेतला होता, स्टिकरवर ४५० वॅट. हातात घेतला तर पिसासारखा हलका. सहा महिन्यांत धूर, जाताना हार्डडिस्क घेऊन गेला. त्यात मुलीचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो होते. पाचशे रुपये वाचवले तिथे. रॅम एक महिना उशिरा घ्या, पण एसएमपीएस चांगला घ्या, कळकळीने सांगतो.

निवडुंग
@पेठेतला अरेरे. फोटो कोणा नातेवाइकाकडे असतील, विचारलंत का? आमचे आत्याच्या मेलमध्ये सापडले होते.

पेठेतला
नाही सुचलं हे. मेहुणीला विचारतो आजच.

आठ बाराची लोकल
परत आलो. थायलंडचा पूर आठवतो का कुणाला? २०११. हार्डडिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि इकडे भाव दुपटीवर. मी नेमका त्या नोव्हेंबरात घ्यायला निघालो होतो, वर्षभर जुन्या ८० जीबीवर काढलं. आता एआयच्या डेटा सेंटरांनी रॅम महाग केलीय. जुन्या मशीनवाल्यांनी वापरलेली डीडीआर३ बघावी, मात्र दुकानात लावून दाखवायला सांगावी.

निवृत्त मास्तर
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेचे मोफत अपडेट) संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. माझा चौथ्या पिढीचा. पेन्शनमधून नवा घेणं शक्य नव्हतं. भाच्याने लिनक्स मिंट टाकून दिलं, एक्सएफसीई नावाचं हलकं रूप. फुकट. ८ जीबी रॅमवर उत्तम चालतं. मराठीची काळजी होती, पण इन्स्क्रिप्ट कळफलक आतच असतो, सेटिंगमध्ये जाऊन भाषा जोडली की झालं. शाळेच्या आठवणींची १४० पानं त्यावर लिहून झाली आहेत.

मु. पो. अंबाजोगाई
मास्तर, आठवणी इथं टाका की थोड्या. कोणती शाळा?

निवृत्त मास्तर
जिल्हा परिषदेची, बालाघाटाच्या डोंगरात, द्विशिक्षकी. वेगळा धागा काढतो.

गच्चीवरची
सेल बदलला!! ३५ रुपये. बँक उघडली. सासरे तेव्हापासून दर तासाला तारीख बघून येतायत. @वारणाकाठ खूप खूप आभार.

ओसरी
सगळं वाचलं, काही दोनदा. एक सांगायचं राहिलं, कॅबिनेटही माळ्यावरच आहे. १६० जीबीची डिस्क आत आहे. बाबांनी शेवटी शेवटी त्यावर टंकलेखन शिकायला घेतलं होतं, रोज एक पान काहीतरी लिहायचे. मी कधी उघडून बघितलं नाही. लेक म्हणतोय लावून बघू.

आठ बाराची लोकल
@ओसरी थांबा, तसाच प्लगला लावू नका. इतकी वर्षं पडून असलेला एसएमपीएस, पेठेतल्याचं वाचलंत ना. चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घ्या. साटा टू यूएसबी केबल मागवा, पण १२ व्होल्टच्या अडॅप्टरसकट. डेस्कटॉपची मोठी डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून आधी बाबांचं फोल्डर उचला, बाकी सगळं नंतर. खरखर किंवा टकटक आवाज आला तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

वारणाकाठ
आणि तुमच्या लॅपटॉपवर जुना मराठी फाँट नसेल तर अक्षरं गिचमिड दिसतील. घाबरू नका, मजकूर गेलेला नसतो. डीटीपीवाल्या ताईंना विचारा.

डीटीपीवाली
फाइल पाठवा ओसरी. कुठलाही फाँट असू दे, मी काढून देते.

ओसरी
डिस्क काढली. लेकाने स्क्रू वाटीत ठेवलेत, मोजून. केबल मागवलीय, बुधवारी येईल.