मदत हवी आहे: इंफाळवर आलेली ती जपानी विमानं ६४ व्या सेंताईची का?

नमस्कार मंडळी,

माझे पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या पलटणीत होते. त्यांची एक वही घरात आहे. मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईनंतरच्या, म्हणजे मार्च १९४४ नंतरच्या एका पानावर "झीरो आले, डोंगराला घासून" एवढंच लिहिलंय. खाली पेन्सिलीने काढलेलं विमान: तीन पात्यांचा पंखा, नाकावर दोन टिंबं, पंखांवर गिरवलेला गोळा, आणि शेपटीच्या उभ्या भागावर एक तिरकी जाड रेघ. पंखांत तोफा दाखवलेल्या नाहीत.

ती रेघ पाहून, शेपटीवर बाणाची खूण असलेल्या ६४ व्या सेंताईचं (सेंताई म्हणजे जपानी लष्कराची हवाई तुकडी) वाचन सुरू केलं आणि त्यातच अडकलो. १९३९ साली मंगोलियाच्या सीमेवर नोमोनहानला लढलेली ही तुकडी. एप्रिल १९४१ पासून तातेओ कातो प्रमुख, त्यानंतर लष्कराची नवी हायाबुसा लढाऊ विमानं. ७ डिसेंबर १९४१ च्या संध्याकाळी खराब हवेत जनरल यामाशिताच्या मलायाकडे निघालेल्या जहाजांच्या ताफ्यावर पहारा देताना तीन विमानं परतलीच नाहीत. फेब्रुवारीत सुमात्रातल्या पालेंबांगला छत्रीधारी सैनिकांच्या विमानांना संरक्षण, मग थायलंडमधलं चियांग माई आणि तिथून ब्रह्मदेश. २२ मे १९४२ ला ब्रह्मदेशातल्या अक्याबजवळ एकट्या ब्रिटिश ब्लेनहाइम बॉम्बरच्या मागे लागलेले कातो तिच्या तोफचीच्या गोळ्यांनी बंगालच्या उपसागरात पडले. वय ३८. ब्लेनहाइम सुखरूप परत गेली, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं.

पण माझा प्रश्न जपानी सैन्य इंफाळवर चालून आलं त्या १९४४ चा आहे.
१. ही झीरो असू शकतात का?
२. तिरकी रेघ म्हणजे ६४ व्याचा बाण, असं धरायचं का?
३. इंफाळवर जपानी विमानं इतकी कमी का दिसली? वहीभर हा एकच उल्लेख आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

झीरो जवळपास बाद करा. झीरो नौदलाचं विमान, आणि ब्रह्मदेशचं आकाश लष्कराच्या हवाई दलाकडे होतं. दोस्तांचे वैमानिकसुद्धा दिसेल त्या गोल नाकाच्या जपानी विमानाला झीरो म्हणत, तिथे पायदळातल्या माणसाला काय दोष द्यायचा! अपवाद एक ठळक आहे: ५ डिसेंबर १९४३ च्या कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीवरच्या हल्ल्यात लष्कराबरोबर नौदलाची विमानंही होती.

चित्र मात्र तुमच्या बाजूने बोलतंय. झीरोच्या पंखांत २० मिमीच्या तोफा असायच्या, हायाबुसाची हत्यारं म्हणजे नाकावरच्या दोन मशीनगन. ती दोन टिंबं तीच असावीत. पहिल्या हायाबुसाला दोनच पाती होती, दुसऱ्या आवृत्तीला तीन. १९४४ ला तीन पातीच हवीत.

प्रतिसाद २

विमानाबद्दल सहमत, तुकडीबद्दल घाई नको. इंफाळच्या वेळी जपानच्या पाचव्या हवाई डिव्हिजनकडे ५०, ६४ आणि २०४ या तिन्ही सेंताई हायाबुसा उडवत होत्या. ५० व्याची खूण विजेची होती. घाईने काढली तर वीज काय आणि बाण काय, दोन्ही तिरकी रेघच दिसणार. रेघेला टोक आहे का ते बघा. ६४ व्याच्या बाणाचे रंगही वेगळे असत: पहिल्या चुताईचा (सेंताईतल्या छोट्या तुकडीचा) पांढरा, दुसरीचा लाल, तिसरीचा पिवळा. पेन्सिलीत रंग नाही, पण रेघ भरीव आहे की नुसती कडा काढलीय, यावरून काही अंदाज बांधता येईल. तोही कच्चाच.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ५ मार्चच्या रात्री चिंडिट, म्हणजे जपान्यांच्या पिछाडीला लढणारे ब्रिटिश बाजूचे सैनिक, ब्रह्मदेशात ग्लायडरने उतरले. पाचव्या डिव्हिजनचे प्रमुख ताझोए नोबोरू यांनी इंफाळची मोहीम चालवणाऱ्या जनरल मुतागुचींना सांगून पाहिलं, की इंफाळ थांबवा, आधी यांचा बंदोबस्त करा. मुतागुचींनी ऐकलं नाही. मग आधीच अपुरी असलेली विमानं दोन्हीकडे वाटली गेली. त्यातच ८ मार्चला अमेरिकन एअर कमांडोंनी श्वेबो, अनिसाकान या तळांवर उभी असलेली विमानं जाळली. आकाश हातचं गेल्यावर डोंगराआडून खालून येऊन डाकोटांवर (दोस्तांच्या मालवाहू विमानांवर) किंवा धावपट्टीवर झडप घालायची आणि पळायचं, एवढंच उरतं. "डोंगराला घासून" हे शब्द अगदी बरोबर आहेत, पणजोबांची नजर पक्की होती.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. भिंगाखाली पाहिलं: रेघेच्या वरच्या टोकाला छोटा त्रिकोण आहे, पण तो नंतर गिरवल्यासारखा वाटतो, शाई वेगळी आहे. आधीची पेन्सिल त्याखाली कुठवर जाते ते पाहायला पान तिरक्या उजेडात स्कॅन करून इथेच टाकतो.

प्रतिसाद २

टाका. सोबत मागचं-पुढचं पानही टाका, तारखेचा अंदाज लागला तर जपानच्या आशियाई ऐतिहासिक अभिलेखांच्या मोफत संकेतस्थळावर कुठल्या आठवड्याचे कागद चाळायचे ते ठरेल. जपानी वाचणारं कोणी इथे असेल तर हात वर करा.