ब्लॅक बेल्ट मिळाला की कराटे सोडायचं का?

अनघा, ठाणे: ब्लॅक बेल्टची परीक्षा झाली की दोन-तीन महिन्यांत आमच्या क्लासमधली पास झालेली निम्मी मुलं दिसेनाशी होतात. सर्टिफिकेट फ्रेम होऊन हॉलमध्ये लागतं आणि पालक सांगतात, "तिचं कराटे झालं." मला हे अजिबात पटत नाही. शोतोकान या कराटेच्या शैलीत तोवर मुलांना येतं काय? काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम: पाच हेयान, तेक्की शोदान, बहुतेक ठिकाणी बस्साई दाई. एकूण काता २६ आहेत. बरं, संख्या बाजूला ठेवू. तोवरची कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढत, बहुतांशी ठरवून केलेली असते: समोरचा आधी सांगतो की तोंडावर पंच मारणार, मग मारतो. न सांगता येणारा पंच ओळखायचा कसा, अंतर किती ठेवायचं, नेमकं कधी आत घुसायचं, हे सगळं पुढे शिकायचं असतं. बुंकाई, म्हणजे कातातली हालचाल खऱ्या माणसावर वापरून बघणं, तीही जेमतेम झालेली असते.

डानची, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांची, पद्धत ज्युदोतून आली. जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि पुढच्या वर्षी दोन शिष्यांना पहिला डान दिला. शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशींनी १९२४ मध्ये ती कराटेत आणली. पहिल्या डानवरच थांबायचं असतं तर वरचे डान ठेवले कशाला असते? आजही अनेक संघटनांमध्ये दुसऱ्या डानच्या परीक्षेला निदान दोन वर्षं थांबावं लागतं. ती वर्षं सरावासाठी दिलेली आहेत.

श्रीरंग, पुणे: अनघाताई, तुम्ही म्हणता ते पुढचं कराटे शिकवतं कोण? माझ्या मुलाने बेल्ट मिळाल्यावरही क्लास सोडला नाही. रोज तोच वॉर्मअप, तेच किहोन (मूलभूत पंच, ब्लॉक, किक), आणि मग सर पांढऱ्या बेल्टची एक रांग त्याच्या हवाली करून ऑफिसात बसायचे. महिन्याची फी आम्हीच भरायची, शिकवायचं त्याने. बुंकाई एकदाही झाली नाही. दुसऱ्या डानच्या परीक्षेची फी मात्र वेळेवर कळवली. मी स्वतः त्याला काढून घेतला आणि तो निर्णय बरोबर होता असंच मला वाटतं. मुलांना दोष देण्याआधी क्लासकडे बघा.

प्रज्ञा, नाशिक: श्रीरंगदादा, फी घेऊन राबवणं चूकच. पण शिकवणं म्हणजे वेळ वाया गेला असं नाही हं. सात वर्षांच्या पोराला गेदान बराई (खालचा ब्लॉक) दाखवताना "दुसरा हात कमरेशी का ओढायचा?" असं त्याने विचारलं आणि मी गप्प झाले. समोरच्याचा पकडलेला हात खेचून घेण्यासाठीही तो ओढतात, हे मी त्यानंतर शोधलं. नुसता माझाच सराव करत राहिले असते तर हा प्रश्न मला पडलाच नसता.

महेश, कोल्हापूर: दहावीच्या वर्षात रोज संध्याकाळचे दोन तास कुठून आणायचे ते सांगा. आणि खेळात पुढे जायचं असेल तर कराटेत वाट अरुंद आहे. ऑलिंपिकमध्ये ते फक्त टोकियोला होतं. पॅरिसला नव्हतं, २०२८ च्या लॉस एंजेलिसलाही नाही. ज्युदो ऑलिंपिकमध्ये १९६४ मध्येच आलं. माझं मत, ब्लॅक बेल्टवाल्या मुलाने पांढरा बेल्ट बांधून ज्युदोला जावं. पंच-किक येतात, पण कोणी कॉलर धरून खाली पाडलं की काय करायचं ते कराटेच्या क्लासात फारसं शिकवत नाहीत.

शुभदा, डोंबिवली: मी कॉलेजात असताना सोडलं आणि चाळिशीनंतर परत सुरू केलं. दहावी-बारावीला थांबणाऱ्या मुलांवर मी रागावणार नाही, फक्त परतीची वाट बंद करू नये. किक आता कमरेच्या वर जात नाही आणि झेनकुत्सु दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून लांब पावलात, खाली बसले की गुडघा बोलतो, म्हणून मी स्टान्स उंच ठेवते. तरी काता पूर्वीपेक्षा चांगला होतो, कारण आता श्वास कुठे सोडायचा ते समजतं. टोकियोत कातामध्ये महिलांचं सुवर्ण जिंकलं तेव्हा सांद्रा सांचेस ३९ वर्षांची होती. तिने तेराव्या वर्षी "झालं" म्हटलं असतं तर?

आणि तेराव्या वर्षीच्या काळ्या बेल्टबद्दलही बोलायला हवं. तायक्वांदोत कुक्कीवॉन ही मुख्य संस्था १५ वर्षांखालच्या मुलांना डान देत नाही, पूम हा मुलांसाठीचा वेगळा दर्जा देते. बेल्टही अर्धा लाल, अर्धा काळा असतो. कराटेच्या सगळ्या क्लासांनी असं केलं तर पालक "झालं" म्हणायचे थांबतील.

अनघा, ठाणे: पूमसारखी सोय मला मनापासून आवडली. महेशदादा, ज्युदोला जाणारा मुलगा माझ्या मते सोडून गेलेला नाहीच, तो सराव करतोय. माझं भांडण घरी बसण्याशी आहे. श्रीरंगदादा, तुमच्या मुलाचं झालं ते वाईट झालं. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून निदान एक तास फक्त ब्लॅक बेल्टचा, आणि त्या तासाला सरांनी स्वतः ड्रेस घालून उभं राहायचं. पालकांनी परीक्षेची फी भरण्याआधीच हे विचारावं.

श्रीरंग, पुणे: विचारलं होतं. "बॅच भरत नाही" असं उत्तर मिळालं. मुलं सोडतात म्हणून बॅच भरत नाही आणि बॅच नाही म्हणून मुलं सोडतात. यात आधी पाऊल क्लासनेच उचलायला हवं, कारण पैसे ते घेतात. चार मुलं आली तरी तास घेणारे सर पुण्यात कोणाला माहीत असतील तर सांगा, मुलाचा ड्रेस अजून त्याला होतो.

प्रज्ञा, नाशिक: चार कशाला, आमचे सर दोघांसाठीही घेतात. पुण्यात त्यांच्या ओळखीचं कोणी आहे का ते रविवारी विचारते.