ऑफिसचा जुना छोटा डेल, त्यात गेमिंग कार्ड बसेल का? (बजेट पंधरा हजार)

हिशेबवाली_गंगापूररोड

नमस्कार मंडळी. मी कर सल्लागार आहे, नाशिकला गंगापूर रोडला छोटं ऑफिस आहे. यंदा ऑफिसातले दोन पीसी बदलले, त्यातला एक घरी आणला. डेल ऑप्टिप्लेक्स ७०५०, तो बुटका डबा असतो ना तो, टॉवर नव्हे. आत आय५-७५०० प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. टॅली आणि जीएसटी पोर्टल यापलीकडे त्या बिचाऱ्यानं जग पाहिलेलं नाही.

मुलाची सीईटी झाली. आता गेमिंग पीसी हवा. त्यानं यादी करून दिली, तिच्या तळाचा आकडा बघून मी ती घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली. म्हटलं हा डबा आहे, याचंच काही होतंय का बघू. तो म्हणतो ग्राफिक्स कार्ड टाकलं की झालं. कॉलेज रोडच्या एका दुकानात विचारलं तर म्हणे, "मॅडम, कॅबिनेट बदला, पॉवर सप्लाय बदला, बोर्डही बदला." मग उरलं काय, स्क्रू?

बजेट पंधरा हजार, फारच ताणलं तर सतरा. त्यात सगळं आलं पाहिजे, "वरून थोडे लागतील" हे वाक्य मी रोज क्लायंटला ऐकवते, मला ऐकवू नका. मॉनिटर जुनाच राहील, त्याला मागे व्हीजीए आणि एक एचडीएमआय आहे. खेळायचंय व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि मित्रांबरोबर जे निघेल ते. खेळताना रेकॉर्ड करून यूट्यूबला टाकायचंय, हेही परवा हळूच सांगून झालं.

कळेल अशा भाषेत सांगा. २० तारखेपर्यंत मी जीएसटीची ३बी रिटर्न भरण्यात असेन, उत्तर द्यायला उशीर झाला तर राग मानू नका.

पाथर्डीफाटा_गेमर

ताई, डबा विकून टाका आणि सेकंडहँड टॉवर घ्या. यात एनव्हिडियाची आरटीएक्स कार्डं वगैरे काही बसत नाहीत. उगाच पैसे घालवाल.

अंबडचा_वायरमन

बसतं भाऊ. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, ते ७० वॅटचं आहे आणि बुटक्या डब्यात जाईल असं लो प्रोफाइलमध्येही मिळतं. फक्त नवं घेतलं तर ताईंचं अख्खं बजेट त्या एका कार्डात जाईल. तेव्हा ते सोडा.

ताई, मी अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, पेशानं इलेक्ट्रिशियन. असे ऑफिसचे डबे जमवून गेमिंगला लावायचा नाद आहे, घरात बायको मोजून दाखवते किती झाले ते. लोक आधी प्रोसेसर विचारतात, रॅम विचारतात. माझं डोकं आधी लोडवर जातं, आणि या डब्यात तेच खरं आहे. झाकण काढून पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. ७०५० च्या या साइजला १८० वॅटचा येतो. तो काढून बाजारातला मोठा बसवू म्हणाल तर बसत नाही, आकार वेगळा आणि बोर्डला जाणारा कनेक्टरही डेलचा स्वतःचा, नेहमीचा २४ पिनांचा नव्हे. दुकानदार खोटं बोलला नाही. पॉवर सप्लाय बदलायचा म्हटलं की कॅबिनेट आणि बोर्ड मागोमाग येतातच. पण तो बदलायची गरज कुणी सांगितली?

१८० मध्येच संसार करायचा. तुमचा आय५ ६५ वॅटचा. बोर्ड, रॅम, एसएसडी (वेगवान डिस्क), पंखा यांचे धरा २५. आम्ही पॅनेलवर कायमचा लोड ऐंशी टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, तो नियम इथे लावला तर १४४ वॅट वापरायचे. म्हणजे कार्डाच्या वाट्याला येतात ५४. ही तुमची खरी मर्यादा. स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत मिळू शकतात हे बरोबर, पण तो स्लॉटचा नियम झाला, पुरवठा करणारा मागे १८० चाच आहे.

आता ५४ च्या आत काय येतं? रेडिऑन आरएक्स ६४००, ५३ वॅट, एका स्लॉटचं, बुटकं. दिसायला एकदम तुमच्यासाठीच बनवलेलं. तरी मी घेऊ देणार नाही. ते कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्डमधल्या रस्त्याच्या, चारच लेनवर चालतं आणि त्या रस्त्याच्या चौथ्या पिढीच्या बोर्डसाठी केलेलं आहे. तुमचा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, तिथे त्याची वाट अर्धी होते. वर त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे रेकॉर्डिंगचं काम कार्डावरच करणारा भाग, तोच नाही. चिरंजीवांचं यूट्यूब मग सगळं प्रोसेसरवर येणार, आणि चार कोअरचा हा प्रोसेसर गेम खेळता खेळता ते ओढणार नाही.

इंटेलचं आर्क कार्ड कुणी सुचवेल. जुन्या बोर्डवर नकोच. त्याला रिसायझेबल बार ही नव्या बोर्डांतली सोय लागते, इंटेल स्वतःच दहाव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढे वापरा म्हणतं.

माझं मत एनव्हिडिया टी१०००. ५० वॅट, एक स्लॉट, लो प्रोफाइल, आत ८९६ कोअर. जीटीएक्स १६५० या गेमिंगच्या कार्डामध्येही तेवढेच कोअर आहेत, चिपची जात एकच, टी१००० ला वीज कमी म्हणून जरा हळू धावतं एवढंच. हे कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे-डिझाइन करणाऱ्यांचं कार्ड आहे. नवं घ्यायला जाऊ नका, वर्कस्टेशनचा शिक्का असल्यानं किंमत तशीच असते. कंपन्यांचे कॉम्प्युटर लीज संपून उतरतात, त्यातून निघालेलं शोधा. रेकॉर्डिंगसाठी लागणारा एन्कोडर त्यात आहे. टी१००० बजेटबाहेर गेलं तर त्याचा धाकटा भाऊ टी६००, ४० वॅट, ६४० कोअर. व्हॅलोरंटला तोही भरपूर.

उंचीचं राहिलं. लो प्रोफाइल कार्डाची मागची पत्र्याची पट्टी साधारण ८ सेंटीमीटरची असते, साध्या कार्डाची १२. विकणारे पुष्कळदा कार्ड बुटकं देतात आणि पट्टी उंच. छोटी पट्टी सोबत आहे का हे आधी विचारा, नाहीतर झाकण बसत नाही आणि मग पोरं झाकण काढून खेळतात. मे महिन्यात आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीतच आहे.

देवळाली_पेंग्विन

वायरमन भाऊंचा हिशेब कागदावर बरोबर, पण जरा जास्तच घाबरट आहे. माझ्याकडे हाच ७०५० आहे आणि त्यात लो प्रोफाइल जीटीएक्स १६५०, ७५ वॅटचं. गेममध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी पूर्ण दाबले जाणं क्वचित होतं. मजेत चाललंय.

दुसरं, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. मी सरळ विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातला प्रोटॉन २०१८ पासून आहे, तो लिनक्सवर विंडोजचे बहुतेक गेम चालवतो. पण तुमच्या यादीला अडचण आहे: व्हॅलोरंट लिनक्सवर चालतच नाही, आणि जीटीएची स्टोरी चालते पण ऑनलाइन सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर आल्यापासून बंद. मुलगा व्हॅलोरंटवाला असेल तर लिनक्सचा विषय काढूच नका, घरात भांडण होईल.

अंबडचा_वायरमन

१६५० ला माझी ना नाही भाऊ. पण तुझा देवळालीचा गारवा आणि यांचा टेबलाखालचा कप्पा यात फरक आहे. शिवाय १६५० ची लो प्रोफाइल कार्डं दोन स्लॉट खातात. ताई, १६५० स्वस्तात मिळालंच तर आधी फूटपट्टी घेऊन लांब स्लॉटच्या शेजारची जागा मोजा.

आणि कुणी "सॅटाच्या, म्हणजे डिस्कच्या, वायरवरून सहा पिनांचा जोड लावू, मोठं कार्ड चालेल" म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सॅटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या पिना मिळून साडेचार अँपिअरच्या, म्हणजे ५४ वॅट. त्यातून ७५ ओढायचे म्हणजे प्लास्टिक वितळायची सोय.

हिशेबवाली_गंगापूररोड

२० तारीख पार पडली, आता बोलू. वायरमन भाऊ, तुमचं १४४ चं गणित मला फार आवडलं. उत्पन्न ठरलेलं, खर्च त्यात बसवायचा, हे मी नीट समजू शकते.

तीन-चार शंका. कार्डाला सगळे पैसे गेले तर रॅम आणि डिस्कचं काय? मुलगा म्हणतो १६ जीबी हवीच. रॅमचा भाव विचारला तर दुकानदारानं जो सांगितला त्यावर मी दुसऱ्यांदा विचारलं, तोच सांगितला. विंडोज ११ घालावं का? आणि टी१००० ला मागे एचडीएमआय नाहीये, चित्रात चार बारीक खाचा दिसतात, माझा मॉनिटर कुठे जोडायचा?

अंबडचा_वायरमन

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढलेत, त्यात दुकानदाराचा दोष नाही. पण ताई, तुम्ही दोन पीसी बदलले म्हणालात. दुसरा कुठंय?

हिशेबवाली_गंगापूररोड

माळ्यावर. तोही हाच, डिट्टो.

अंबडचा_वायरमन

मग झालं ना! त्याची ८ जीबी काढून यात घाला. फुकटात १६ जीबी, वर दोन्ही एकसारख्या म्हणून ड्युअल चॅनल. एकाच रॅमवर चालताना प्रोसेसरला मेमरीची अर्धीच वाट मिळते, खेळात मधेमधे जे अडकल्यासारखं होतं त्यातलं बरंच यानं जातं. दुसऱ्या डब्याचा पॉवर सप्लायही जपून ठेवा, उद्या लागला तर हाच बसेल.

पैसे दोनच ठिकाणी घाला, कार्ड आणि एसएसडी. बोर्डवर एम.२ ची जागा आहे, तिथे ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी लावा. जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या आसपास जातो, त्यामुळे २५० ची घेऊन कंजुषी नको. जुन्या हार्ड डिस्कवर गेम ठेवला तर तो उघडेपर्यंत मिसळ खाऊन येता येतं.

त्या चार खाचा मिनी डिस्प्लेपोर्टच्या. मिनी डीपी ते एचडीएमआय अशी सरळ केबल मिळते, ती मॉनिटरच्या एचडीएमआयला. व्हीजीए विसरा. आणि केबल कार्डालाच लावायची, वर बोर्डची जुनी खाच मोकळी दिसते म्हणून तिथे नाही. नवं कार्ड घालून बोर्डाच्याच ग्राफिक्सवर महिनोन्महिने खेळणारी पोरं मी पाहिलीत.

विंडोज १० ला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळवता येतात, सेटिंगमधून नोंदणी करावी लागते. सध्या तेच करा. ११ जबरदस्तीनं घातलं तर व्हॅलोरंट तिथे टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या पीसीच्या सुरक्षेच्या दोन्ही गोष्टी मागतो, नसत्या भानगडी.

नाशिकरोड_सिस्टिमवाला

सगळे वॅट मोजताहेत, माझा प्रश्न वेगळा. ताई, त्या ५०० जीबीच्या डिस्कवर तुमच्या क्लायंटचे पॅन, रिटर्न, बँक स्टेटमेंट आहेत ना? त्या डिस्कवर एकही गेम जाता कामा नये. पोरं मॉड आणि फुकटचे क्रॅक कुठून कुठून उतरवतात, त्यातून पासवर्ड चोरणारी सॉफ्टवेअर येतात. डिस्क काढून लेबल लावून कुलपात ठेवा, नव्या एसएसडीवर विंडोज कोरं घाला. ब्राउझरमध्ये तुमचं ऑफिसचं लॉगिन नको, टॅलीही नको. डिस्क "जागा आहे तर राहू दे" म्हणून आत ठेवू नका.

हिशेबवाली_गंगापूररोड

आज संध्याकाळीच काढते. हे एकच उत्तर आलं असतं तरी हा धागा वसूल होता.

आता घ्यायचं कुठून? ऑनलाइन जुन्या कार्डांच्या जाहिराती बघितल्या, सगळी "फक्त दोन महिने वापरलेली" आहेत.

अंबडचा_वायरमन

हो, जुनी गाडी जशी नेहमी डॉक्टरनं वापरलेली असते.

आधी इथे, उतरलेले कॉर्पोरेट पीसी विकणाऱ्यांकडे विचारा. नाही मिळालं तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड, संध्याकाळच्या पंचवटीनं परत. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. मिनी डीपी केबलही तिथेच घ्या.

कुठेही घ्या, चालवून दाखवल्याशिवाय पैसे नाहीत. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या. जुन्या फर्मी चिपवर नवं नाव चढवलेली बनावट कार्डं बाजारात फिरतात, विशेषतः १०५० टीआयच्या नावानं. हे सॉफ्टवेअर तसं कार्ड दिसलं की नावापुढे फेक म्हणून दाखवतं. मग फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण लोड टाकणारी टेस्ट, दहा मिनिटं लावा, तापमान बघा, पंखा खरखरतोय का ऐका. दुकानदार "लाइट नाही" म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

हिशेबवाली_गंगापूररोड

चिरंजीव शेजारी बसून वाचतोय. त्याचा प्रश्न: कार्डाऐवजी आधी आय७ टाकला तर? आणि आठव्या पिढीचा मित्राकडे स्वस्तात आहे म्हणे, सॉकेट तोच आहे.

अंबडचा_वायरमन

सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१, पण आठवी पिढी या बोर्डवर चालू होत नाही. मित्राला नको सांग. चालेल तो आय७-६७०० किंवा ७७००, दोन्ही ६५ वॅटचे, म्हणजे आपला १४४ चा हिशेब मोडत नाही. चार कोअर तेच, थ्रेड (म्हणजे एका वेळी हाताळायची कामं) आठ होतात. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये फरक कळेल, व्हॅलोरंटमध्ये शोधावा लागेल. मागे के लावलेला घेऊ नकोस, तो ९१ वॅटचा.

पण आधी कार्ड. आय७ दिवाळीला आईकडे माग, तोवर ऑक्टोबरची रिटर्न भरून झालेली असतील.