विमानाचं जन्मगाव कोणतं: किटी हॉक की डेटनचं कुरण?

धागाकर्ता: शाळेच्या पुस्तकात राइट बंधूंची गोष्ट १७ डिसेंबर १९०३ला अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या किटी हॉकच्या वाळूत सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या मते विमान खऱ्या अर्थानं उडालं ते ओहायोत, डेटनजवळच्या हफमन प्रेअरीत. टोरन्स हफमन या बँकवाल्याचं ८४ एकरांचं कुरण. भाडं नाही, अट एकच: उडण्याआधी गुरंघोडी कुंपणाबाहेर हाकायची. किटी हॉकचं सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचं, तेही सरळ रेषेत. पहिला पूर्ण फेरा विल्बरनं २० सप्टेंबर १९०४ला या कुरणावर मारला. ५ ऑक्टोबर १९०५ला तर ३९ मिनिटांत २४ मैल!

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. विमान कलतं करायला पंखांना पीळ आणि त्याच्या जोडीला हलतं सुकाणू, ही वळण्याची किल्ली १९०२च्या ग्लायडरवर, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानावर, किटी हॉकजवळच सापडली होती. शिवाय १९०३चं विमान सपाट रुळावरून स्वतःच्या इंजिनावर उठलं. कुरणात मात्र सप्टेंबर १९०४पासून मनोऱ्यावरून वजन खाली सोडून त्याला ओढ द्यावी लागली. मूल चालायला लागलं त्या दिवसाला आपण वाढदिवस म्हणत नाही.

धागाकर्ता: किटी हॉकला समोरून ताशी वीस मैलांहून जास्त वारा होता, डेटनला बहुतेक दिवस वारा पडलेला, म्हणून ते वजन. पण ३९ मिनिटं विमान हवेत राहिलं ते काय त्या वजनामुळे? आणि किल्ली १९०२लाच सापडली म्हणता, तर हे बघा: सप्टेंबर १९०५ संपता संपता ऑर्व्हिल कुरणातल्या एका काटेरी झाडाभोवती वळत होता. आतला पंख खाली गेला, काही केल्या उचलेना, विमान झाडाकडे घसरायला लागलं. उतरावं म्हणून त्यानं नाक खाली केलं, तसा वेग वाढला आणि पंख पुन्हा ऐकायला लागले. वळणात वेग का पडतो, हे तिथे उमगलं. वाळूवरच्या सरळ उड्डाणात ते कधीच कळलं नसतं.

प्रतिसाद २: दोघंही १९०५वर थांबलात. १९१०पासून याच कुरणावर राइटांची शाळा होती, शंभराहून जास्त वैमानिक तिथे शिकले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराचं हवाई दल चालवणारे हेन्री अर्नॉल्ड त्यांतलेच. मी त्याला वैमानिकांचं जन्मगाव म्हणेन.

प्रतिसाद १: झाडाचा प्रसंग वजनदार आहे, तो पुस्तकात यायलाच हवा. तारीख मात्र १७ डिसेंबरच राहू द्या.