बोटीवर निवांत कुठे बसलात? (अनुभव धागा)

क्रूझहून परत आल्यावर आराम करायला मला दोन दिवस रजा काढावी लागली. खोटं नाही सांगत. मुंबई-लक्षद्वीप-मुंबई, घरचे आम्ही चौदा जण आणि बाकी अख्खं गाव. नाश्त्याला रांग, पूलपाशी डीजे, दुपारी तंबोला, रात्री पुन्हा डीजे. अगत्तीला बोट प्रवाळाच्या कड्याबाहेर लांब उभी राहते आणि छोट्या होड्यांतून बेटावर नेतात. तिथेही लाइफ जॅकेट घालून रांगच.

निवांतपणा सापडला तो एकदाच, तोही चुकून. पहिल्या संध्याकाळी बोट बॅलार्ड पिअरहून सुटली तशी सगळी मंडळी वरच्या डेकवर नाचायला गेली. साबांना (सासूबाईंना) वारा लागायला लागला म्हणून मी त्यांची शाल आणायला खोलीत गेले आणि येताना जिना चुकले. एक जड दार ढकललं, तर बाहेर लाकडी फळ्यांचा अरुंद पट्टा. डोक्यावर नारिंगी लाइफबोटी टांगलेल्या, माणूस एकही नाही. वरचा ढणढणाट तिथे पोचतच नव्हता. खाली पाणी कापल्याचा फस्स फस्स आवाज तेवढा येत होता. उजवीकडे कुलाब्यापुढचा प्रोंग्जचा दीपस्तंभ हळूहळू मागे सरकत होता. मी शाल स्वतःच गुंडाळून कठड्याला टेकून उभी राहिले. शाल साबांपर्यंत पाऊण तासाने पोचली.

तुम्हाला अशी जागा किंवा वेळ कधी सापडली? क्रूझच हवी असं नाही. हाउसबोट, लाँच, जुनी आगबोट, काहीही चालेल. कंपन्यांची जाहिरात आणि तक्रार मात्र दोन्ही नको, त्यासाठी वेगळा धागा काढा.

सिएटलकर

आईबाबा आले होते तेव्हा त्यांना अलास्काच्या क्रूझवर नेलं. सात दिवस. बाबा म्हणजे दर दहा मिनिटांनी "आता पुढे काय?" विचारणारा माणूस. केचिकन झालं, जुनो झालं, प्रत्येक गावात उतरून पुन्हा चढताना ते घड्याळ बघत होते.

मग ग्लेशियर बे आलं. हे राष्ट्रीय उद्यान आहे. उन्हाळ्यात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ बोटी आत सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन आपल्या बोटीवर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. मार्जरी ग्लेशियरपुढे कप्तानाने बोट जवळजवळ थांबवली आणि जागच्या जागी सावकाश फिरवली, म्हणजे दोन्ही बाजूच्या लोकांना दिसावं. आम्ही तिथे तासभर तरी असू. हजारो माणसं कठड्याला चिकटलेली आणि कोणी बोलेना. आईने पर्समधून लिमलेटची गोळी काढली, तर कागद उलगडल्याचा आवाज एवढा झाला की शेजारच्या बाईने वळून बघितलं.

बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो, आवाज मागून येतो. तोफेसारखा. तिथल्या मूळच्या त्लिंगित लोकांच्या भाषेत याला 'पांढरा गडगडाट' अशा अर्थाचं नाव आहे, असं रेंजरबाईंनी सांगितलं. दोन कडे कोसळले. माकडटोपीतले बाबा तिसऱ्याची वाट बघत उभे होते. "पुढे काय" एकदाही विचारलं नाही. आई हळूच मला म्हणाली, "बरे आहेत ना रे हे?"

उलटी बाकी

निवांतपणा कसला, मला बोट लागली. पहिले चोवीस तास मी खोलीतल्या न्हाणीघराच्या फरशीवर बसून काढले. शांतता भरपूर होती म्हणा. शिकलेलं एवढंच: खोली बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे डोलणं सगळ्यात कमी. पुढच्या टोकाची, उंचावरची बाल्कनीवाली खोली फोटोत छान दिसते. गोळी डॉक्टरांना विचारून मळमळायच्या आधी घ्या, नंतर पोटात टिकत नाही. जमेल तेव्हा बाहेर येऊन क्षितिजाकडे बघत बसा. मोबाइलकडे अजिबात बघू नका.

तारवटी

मी गोव्याचा. नऊ वर्षं क्रूझवर हाउसकीपिंगमध्ये होतो. आमच्याकडे बोटीवर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात, म्हणून हे नाव. धागा वाचून हसू आलं, कारण तुम्ही ज्या गालिच्यांवरून चालता त्याच्या खाली आमचा एक लांबच लांब रस्ता असतो. अमेरिकेतल्या हमरस्त्यावरून त्याला आय-९५ म्हणतात. बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्रॉल्या, कपड्यांचे गठ्ठे, भाज्यांची खोकी आणि धावणारी माणसं. काँट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं आणि सुट्टीचा वार नाही.

आमची जागा म्हणजे बोटीच्या नाकावरचा, फक्त कर्मचाऱ्यांसाठी असलेला डेक. रात्री तिथे दिवे लावत नाहीत, कारण वर ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीत, पहाऱ्याला असलेल्या अधिकाऱ्यांना पुढचा काळोख स्वच्छ दिसायला हवा. त्यामुळे आकाश असं दिसायचं की पहिल्या रात्री मी मान वर करून चालत गेलो आणि दोरखंडाच्या लोखंडी खुंटाला नडगी आपटली. ती खूण अजून आहे. अकराला पाळी संपली की पाठ टेकून पडायचं. फिलिपिन्सचा एक जोडीदार होता. आम्ही दोघं न बोलता पडून राहायचो. त्याच्या घरी तेव्हा सकाळ असायची, माझ्या घरी पहाट.

प्रवाशांसाठी एक गुपित. बोट बंदराला लागली की सगळे उतरतात. त्या दिवशी उतरू नका. पूल रिकामा, लिफ्ट रिकामी, चहाला रांग नाही. आम्हालाही जरा बोलायला वेळ असतो.

पाणकोंबडा

आलप्पुळाची हाउसबोट. लोकांना वाटतं रात्रभर बोट चालत राहणार. तसं नसतं. संध्याकाळ झाली की कोळ्यांची जाळी पाण्यात पडतात, म्हणून हाउसबोटी काठाला बांधून ठेवतात. आमची बांधली ती दुसऱ्या एका हाउसबोटीला खेटून, आणि तिचा जनरेटर माझ्या उशीपाशी. पहाटे पाचला तो बंद पडला. त्यानंतरचा एक तास मात्र पैसे वसूल. काठावर एक बाई भांडी घासत होती, बस.

गलबिया

नाईल, लक्सॉर ते अस्वान. एस्नाच्या लॉकपाशी, म्हणजे दोन दरवाजांमध्ये पाणी भरून बोट वरच्या पातळीला नेतात तिथे, बोटी पाणी चढायची वाट बघत थांबतात. तिथे विक्रेते होड्यांतून येऊन चादरी आणि झगे थेट वरच्या डेकवर फेकतात. आवडलं तर पैसे पिशवीत घालून खाली टाकायचे. माझ्या नवऱ्याच्या तोंडावर टेबलक्लॉथ येऊन पडला. शांतता त्याच्यानंतर, एडफूच्या पुढे: खजुरीची झाडं, गाढवं, गवताचे भारे.

वेंगुर्ल्याचा म्हातारा

तुम्ही क्रूझ म्हणता, आम्ही नुसतं 'बोट' म्हणायचो. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून गावी. डेकचं तिकीट आणि पथारीला जागा मिळावी म्हणून वळकटी घेऊन आधी घुसणारा एक धट्टाकट्टा मामा. पावसाळ्यात ही सेवा बंद. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली, तोवर बोटीचे दिवस सरले होते.

बहुतेक बंदरांत बोट काठाला लागत नसे. लांब उभी राहायची आणि माणसं न्यायला पडाव यायचे. विजयदुर्गाला की देवगडला, आता आठवत नाही, पण मध्यरात्र होती. यंत्र थांबलं आणि मी त्याच शांततेने जागा झालो. दिवसभर कानात घरघर होती ती गेली. मग काळोखातून वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज जवळ येऊ लागला. पडाव दिसण्याआधी त्यातल्या माणसाची विडी दिसली. एक बाई कडेवर पोर आणि डोक्यावर ट्रंक घेऊन उतरली. पोर झोपलेलंच होतं. पडाव गेला, विडीचा ठिपका गेला, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. आई म्हणाली, नीज.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना धागा मोठ्याने वाचून दाखवला, सुरुवातीपासून. साबांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाल्या, "म्हणजे तू जिना चुकली होतीस, दुकानात नव्हतीस?" आणि मग, "कितव्या मजल्यावर होतं गं ते दार?"