टाकीखालच्या मोहोळाचं काय करायचं?

बी-६०१: नमस्कार, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली मोठ्ठं मोहोळ लागलंय, मुलं खालीच खेळतात म्हणून फार भीती वाटतेय, पेस्ट कंट्रोलवाल्यांना आजच बोलवूया का

ए-३०४: बोलवा बोलवा. नाहीतर रात्री जाळून टाका, विषय संपला

सी-२०२: काका प्लीज जाळू नका आणि औषधही नको. मी लांबून बघितलं, एकच मोठं उघडं पोळं लटकलंय, आग्या मोहोळ आहे ते. यांना डिवचलं तरच त्या तुटून पडतात, एकीने डंख मारला की त्या जागेवरून जो वास सुटतो त्याने बाकीच्या पण तिथेच येतात, आणि रात्री उठवलं तर लाईट दिसेल तिकडे झेपावतात म्हणजे थेट कुणाच्यातरी घरात. त्रास दिला नाही तर त्या त्यांच्या कामात असतात आणि आसपासचा फुलोरा संपला की पोळं सोडून स्वतःच निघून जातात

बी-६०१: पण तोपर्यंत काय ताई, माझ्या सासऱ्यांना मागे एक माशी चावली तर अंगभर गांधी उठल्या होत्या

सी-२०२: मग त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा, हे खरंच महत्त्वाचं आहे. बाकी सगळ्यांसाठी, गच्ची बंद, दगड बॉल फटाके काही नको, टाकीजवळचा लाईट रात्री बंद. माशा मागे लागल्याच तर तोंड झाकून सरळ पळत सुटायचं आणि बंद खोलीत शिरायचं, हात झाडत उभं राहायचं नाही, पाण्यात उडी तर नाहीच, त्या वर घिरट्या घालत बसतात. काटा लगेच नखाने खरवडून काढा, तो रुतलेला असेपर्यंत विष आत जातच राहतं. श्वास लागला किंवा ओठ, चेहरा सुजला तर वाट न बघता हॉस्पिटल

डी-१०५: याच्याशी जोडूनच बोलते, बागेतली दर आठवड्याची फवारणी पण थांबवूया ना. टोमॅटो-वांग्याला फुलं येतात आणि गळून जातात. त्या फुलांचा पराग घट्ट बंद असतो, फूल धरून जोरात गुणगुणून हलवलं तरच नीट बाहेर पडतो आणि मधमाशीला ते जमत नाही, ते काम काळा भुंगा करतो. आपण मात्र तो दिसला की घाबरून मारतो. त्यातल्या नराला तर डंखच नसतो! वाळकं लाकूड, बांबू कोपऱ्यात राहू दिले तर तो त्यातच घर करतो. आणि कढीपत्त्यावरच्या अळ्या मारू नका, फुलपाखरं त्यातूनच होतात, थोडी पानं गेली तर जाऊ देत

ई-४०३: फवारणी अजिबातच नको म्हणजे कीड लागली तर?

डी-१०५: आधी हाताने काढूया, लागलेली फांदी छाटूया. अगदीच गरज पडली तर संध्याकाळी उशिरा, आणि फुलांवर कधीच नाही

ए-३०४: ठीक आहे, जाळायचं नाही. पण उद्या पोळं जिन्यापाशी किंवा कुणाच्या खिडकीला लागलं तर हलवायलाच लागेल, त्यावर मी ठाम आहे

सी-२०२: पूर्ण मान्य काका. तेव्हा माशा न मारता पोळं हलवणारा जाणकार माणूस बोलवायचा, आपण कुणी शिडी लावायची नाही

सेक्रेटरी: टाकी धुवायला माणसं येणार होती ते पुढे ढकलतो, त्यांना तिथे चढवणं बरोबर नाही. गच्चीची किल्ली माझ्याकडेच राहील. माळीदादांशी उद्या सकाळी बोलतो. ६०१, सासऱ्यांच्या खोलीला जाळी बसवायचं काम सगळ्यात आधी करून घेऊ, माप पाठवा